बाई, सही व्हायच्या आत या

प्रिय बाई,

आपल्या ग्रंथालयाचा दुसरा मजला वर्गखोल्यांना देणार, हे तुमच्या कानावर आलंच असेल. चाकांची टेबलं, सरकत्या भिंती, मोठे डिजिटल फळे, प्रत्येक खुर्चीपाशी चार्जिंगची सोय. तुम्हाला वाईट वाटलं असणार. पण बाई, मला हे वर्ग हवे आहेत. जमिनीत ठोकलेल्या बाकांवर ८० मुलं बसतात, तेव्हा मागच्या रांगा माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. तीच मुलं सहा-सहा जणांत समोरासमोर बसली की वाद घालतात, चुकतात, पुन्हा मांडून बघतात.

आणि रागावू नका, पण कपाटांना कुलपं कुणी लावली? चिठ्ठी लिहायची, शिपाई मामा पुस्तक आणेपर्यंत ताटकळायचं, मुलं कंटाळली. आता वाचनाचा हॉल भरतो तो स्पर्धा परीक्षावाल्यांनी, आपापल्या नोट्स घेऊन. रंगनाथनांची १९३१ सालची पाच सूत्रं मला तुम्हीच शिकवलीत ना? पुस्तकं वापरासाठी असतात, हे त्यातलं पहिलंच. आज ग्रंथालय समितीत सगळे पाचवं सूत्र ऐकवतात, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे म्हणून. पहिलं कुणीच काढत नाही.

मला मात्र तुम्ही आत, कपाटांपर्यंत सोडलंत. सहकारी साखर कारखान्यांवरचं पुस्तक शोधताना शेजारी उसाच्या पाण्यावरचा जुना अहवाल हाती लागला, आठवतं? माझा प्रबंध त्यावर उभा राहिला. नॉर्थ कॅरोलिनातल्या हंट ग्रंथालयात २०१३ पासून यंत्रमानव पुस्तकांच्या पेट्या काढून देतो. तरी तिथेही पडद्यावर शेजारची पुस्तकं दाखवायची सोय केलीच. आणि वर्गांचं म्हणाल, तर पर्ड्यू विद्यापीठाने २०१७ साली वर्ग आणि ग्रंथालय एकाच इमारतीत आणलं. दिवसा तास होतात, संध्याकाळी तिथेच मुलं अभ्यासाला बसतात. म्हणजे दोन्ही एकत्र नांदू शकतात. मग आपल्याकडे एकाला हाकलूनच दुसरं का यावं?

खरी काळजी वेगळीच आहे. दहा वर्षांत देवघेव न झालेली पुस्तकं बाद करायची यादी निघाली आहे. संगणकाने काढलेली. पण हॉलमध्ये बसून वाचलेल्या पुस्तकाची नोंद देवघेवीत कधी होती? संध्याकाळी टेबलांवरची पुस्तकं गोळा करताना तुम्ही शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक रेघ मारायचात. परवा यादीतला एक बांधीव खंड उघडला. तारखांची चिठ्ठी कोरी, आणि मागे रेघांच्या ओळीच्या ओळी! बारकोड वाचणाऱ्याला त्या कशा कळणार? माझ्या सांगण्यावर समिती विश्वास ठेवत नाही. विचारतात, या रेघांचा अर्थ काय, कुणी मारल्या?

निवृत्त झाल्यावर तुम्ही म्हणालात, आता तुमचं तुम्ही बघा. मान्य. पण ही एक गोष्ट आमची आम्हाला बघता येत नाही. सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही, बाई. मजला वर्गांना जाऊ दे, मुलांना त्याचा फायदाच आहे. पण वाचली गेलेली पुस्तकं रद्दीत जाता कामा नयेत, आणि राहतील ती त्याच मजल्यावर, वर्गाच्या भिंतीलगत, उघड्या मांडणीवर राहिली पाहिजेत. कुलपांशिवाय. हे समितीसमोर तुम्ही स्वतः सांगायला हवं, कुलपांचंसुद्धा.

यादीवर अजून सही झालेली नाही. या आठवड्यात कधीही या, मी घ्यायला येते.

तुमची,
प्रबंधवाली