नेपाळातले पिठले

पाहुण्याला जेवू घालण्यात आम्हा मराठवाड्याच्या माणसांचा हात कोणी धरणार नाही. दारात माणूस आले की आधी पाण्याचा तांब्या, मग चहा, आणि चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज. 'जेवूनच जा' हे आमच्याकडे हुकमाच्या सुरात सांगतात. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, आणि आम्ही तो हात बाजूला सारून आणखी एक धपाटे वाढतो. या आग्रहाचा मला मोठा अभिमान होता. होता असे म्हणतो, कारण गेल्या वर्षी एका माणसाने मला अगदी साधा प्रश्न विचारला आणि माझा तो अभिमान पार उतरला.

आमचे अंकुशनगर जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, महाकाळ्याजवळ आहे. साखर कारखान्याभोवती वसलेली ही वस्ती. दिवाळीच्या सुमाराला समर्थ कारखान्याचा बॉयलर पेटतो, ऊसतोडणीवाल्यांच्या गाड्या येतात, कोप्या उभ्या राहतात, आणि पुढचे चार-पाच महिने हवेला मळीचा वास लागतो. इथे मी मास्तर आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशीच थांबले. पण तोडणीवाल्यांच्या पोरांना बाराखडी आणि पाढे शिकवायला तेवढे पुरते. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो.

आमच्या वस्तीला रात्रीचा एक राखणदार आहे. नेपाळी आहे. रात्री शिट्टी आणि काठीची टकटक, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरटी वीस रुपयांसाठी दारावर हलकी थाप, एवढी त्याची आणि आमची ओळख. सारी वस्ती त्याला बहादूर म्हणते. त्याच्या आधी जो होता त्यालाही बहादूरच म्हणत. हे दोघांचेही नाव कसे, असा प्रश्न कोणाला पडला नाही; कादंबऱ्या लिहिणाऱ्या मलाही नाही. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक गुरखा आहे. दोन प्रकरणांत तो येतो, आणि एका प्रसंगी शेकोटीजवळ बसून भाकरी खातो. भाकरीच का? तर लिहिणाऱ्याला दुसरे काही ठाऊक नव्हते म्हणून.

बारा-तेरा वर्षे आम्ही त्याला दिवाळीचा फराळ दिला. नुसता दिला नाही, ओट्यावर बसवून खायला लावला. चकली, कडबोळी, शेव, करंजी, अनारसे. "घे रे, लाजू नकोस," म्हणत मी त्याचे ताट भरी आणि तो मान खाली घालून खाई. "कसं आहे?" म्हटले की उत्तर ठरलेले असे, "छान आहे, गुरुजी."

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत सौ.ला घेऊन मी नेपाळच्या यात्रेला गेलो. चाळीस माणसांची बस. गोरखपूरवरून सोनौलीची हद्द ओलांडली, लुंबिनी पाहिली, पोखऱ्याचा तलाव पाहिला, आणि काठमांडूला पशुपतिनाथाच्या पायऱ्यांवर बसून बागमतीचे पाणी डोळ्यांना लावले. दुकानांवरच्या पाट्या वाचता येत होत्या, कारण नेपाळी भाषेची लिपी आपलीच, देवनागरी. परदेशात आलो असे वाटतच नव्हते, आणि याचे दुसरे कारण म्हणजे आमचा आचारी. बसच्या टपावर आमची शेगडी होती, आमचे बेसन होते, आमचा तांदूळ आणि आमचा मसाला होता. पहिल्याच दिवशी सूचना झाली होती, "बाहेरचं कोणी काही खाऊ नका." भक्तपूरला एका दुकानात मातीच्या वाडग्यांत म्हशीच्या दुधाचे दाट दही लावून ठेवले होते. 'जुजु धौ' म्हणतात त्याला, म्हणजे दह्यांचा राजा. मी वाडग्याकडे पाहिले, सौ.ने माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही पुढे निघालो. त्या रात्री आमच्या आचाऱ्याने पिठले-भात केला, वर मिरचीचा ठेचा. सगळी मंडळी म्हणाली, "वा! घरची आठवण झाली." घर सोडून आम्हाला जेमतेम सहा दिवस झाले होते.

परत आल्यावर मी राखणदाराला पशुपतिनाथाचा रुद्राक्ष नेऊन दिला. त्याने तो कपाळाला लावला. मग कधी नव्हे ते स्वतःहून बोलला. त्याचे डोळे अगदी लहान मुलासारखे झाले होते.

"गुरुजी, आमच्याकडे काय काय खाल्लंत?"

मी मास्तर आहे. वर्गात उत्तर न आलेल्या पोराचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे. तसाच माझा झाला असणार.

"पिठलं-भात," मी म्हणालो.

तो क्षणभर थांबला आणि खदखदून हसला. "मी इथं येऊन बारा वर्षं पिठलं खातो गुरुजी, आणि तुम्ही तिथं जाऊनही पिठलंच!"

त्याच्या हसण्यात कुचकेपणा काही नव्हता. तो असता तर बरे झाले असते, मला रागावता तरी आले असते. त्या रात्री त्याची शिट्टी मी बाराला ऐकली, दोनला ऐकली आणि चारलाही ऐकली. या माणसाचे घर गोरखा जिल्ह्यात आहे. आपण साऱ्याच नेपाळ्यांना गुरखे म्हणतो. हा मात्र खरोखरच गोरख्याचा. 25 एप्रिल 2015 रोजी नेपाळात 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचा केंद्रबिंदू त्याच जिल्ह्यात होता. जवळजवळ नऊ हजार माणसे त्यात गेली. माती-दगडाची घरे बसली, त्यात त्याचेही बसले. कित्येक दिवस घरचा फोन लागत नव्हता. तेव्हा आम्ही काय केले? झुणका-भाकरीचे ताट नेऊन दिले आणि "जेव बाबा, पोटात काही घाल," म्हणून आग्रह केला. घरी कोण कोण आहे, हे मात्र विचारले नाही. माणसे वाचली होती. पुढे दोन वर्षांनी तो बायकोला इकडे घेऊन आला, आणि वस्तीच्या टोकाला पत्र्याच्या एका खोलीत दोघे राहू लागली. त्या खोलीत मी पाऊल ठेवले नव्हते.

दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या सकाळी पाहतो तर वस्तीतली कुत्री गळ्यात झेंडूच्या माळा आणि कपाळाला टिळे लावून हिंडताहेत! पोरे हसून लोळत होती. हा उद्योग राखणदाराचा. त्यांच्याकडे दिवाळीला तिहार म्हणतात आणि तोही पाच दिवसांचा. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा, तिसऱ्या दिवशी गाय आणि लक्ष्मी, आणि शेवटी भाऊबीज, तिला ते भाइटीका म्हणतात. आपण कावळ्याला पितृपक्षात आठवतो, गाईला वसुबारसेला. कुत्रा मात्र आपल्या पंचांगात नाही. पण रात्रभर त्याच्याबरोबर वस्ती राखणारे दुसरे होते तरी कोण?

फराळाचे ताट घेऊन मी निघालो, तर त्याने दारातच अडवले. "गुरुजी, यंदा नको. लक्ष्मीपूजन झालं की तुम्ही आणि वहिनी आमच्याकडे या."

खोली स्वच्छ सारवलेली होती. त्याच्या बायकोने रात्रभर भिजवलेले तांदूळ वाटून त्यात तूप, साखर आणि पिकले केळे घालून पीठ फेटून ठेवले होते. ते हाताने कढईत गोल फिरवून सोडायचे, की तेलात बांगडीसारखे वळे तयार होते. बांबूच्या काडीने ते उलटायचे आणि उचलायचे. ही सेल रोटी. तिहाराला ती हवीच. पहिलेच वळे तेलात विस्कटले, तशी सौ. एकदम म्हणाली, "अगं बाई, हसली!" आमचे अनारसे तुपात विरघळले की आम्ही म्हणतो अनारसे हसले. हे भाषांतर करून सांगायला वेळ लागला. पण सांगून झाल्यावर ती बाई इतकी हसली की दुसरेही वळे बिघडले. तांदूळ भिजवावा, वाटावा आणि सणाला तळावा, ही युक्ती हिमालयातल्या आणि गोदाकाठच्या बायकांना कोणी शिकवली कोण जाणे.

मग ताटे आली. वरण, भात आणि भाजी. ते लोक दोन्ही वेळा हेच जेवतात आणि त्याला दाल-भात-तरकारी म्हणतात. वरणाला फोडणी जिंबूची होती. कांद्याच्या कुळातली एक हिमालयी पात वाळवून ठेवतात, ती तुपात पडली की आपल्या हिंगाची आठवण होते. चटणीत तिमुर होते. कोकणात माशांच्या आमटीत तिरफळ घालतात, त्याचे हे भाऊबंद. पहिल्या घासाला जीभ बधिर झाली. एका वाटीत काळपट हिरवा, आंबूस वासाचा रस्सा होता. त्याचे नाव गुंद्रुक. मोहरीचा किंवा मुळ्याचा पाला सुकवून, कोंबून मडक्यात भरायचा, आठवडाभर आंबू द्यायचा आणि मग उन्हात खडखडीत वाळवायचा. भाजी मिळत नाही त्या दिवसांत तोच आधार. खरे सांगायचे तर पहिला घोट मला आवडला नाही. "कसं आहे, गुरुजी?" त्याने विचारले.

"छान आहे," मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहून गालातल्या गालात हसला. त्याचे बारा वर्षांचे 'छान आहे' मला त्या क्षणी नव्याने ऐकू आले.

"खरं सांग," मी म्हणालो, "आमच्या फराळातलं तुला काय आवडत नाही?"

तो संकोचला, बायकोकडे पाहू लागला. शेवटी म्हणाला, "चकली. तिच्यात ओवा असतो ना! ओवा आमच्याकडे बाळंतिणीला देतात."

म्हणजे बारा दिवाळ्या आम्ही या शिपाईगड्याला आग्रह करकरून बाळंतिणीचे औषध चारले होते! सौ.च्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आले.

एवढ्यात माझे लक्ष कोपऱ्यातल्या झाकलेल्या लोखंडी कढईकडे गेले. विचारले तर दोघेही गप्प. ढिंडो होता. उकळत्या पाण्यात नाचणीचे पीठ घालून लाकडी उलथन्याने घोटत राहायचे, घट्ट गोळा होईपर्यंत. त्यांच्या डोंगरात भात सगळ्यांना रोज कुठला मिळायला? घरचे खरे अन्न हे. "पण हे पाहुण्यांना देत नाहीत, गुरुजी," तो हळूच म्हणाला.

हे वाक्य मी ऐकलेले होते. आमच्या घरी ज्वारीच्या कण्या शिजत आणि पाहुणा आला की आई त्यांच्यावर परात पालथी घाली. पाहुण्यासाठी पुरी आणि श्रीखंड, मग उसने आणावे लागले तरी चालेल. मी ढिंडो मागून घेतला. चावू लागलो तेव्हा त्याने थांबवले. बोटांनी लहान गोळा करायचा, गुंद्रुकात बुडवायचा आणि नुसता गिळायचा. तसे केले, आणि मघाशी न आवडलेला तो आंबट रस्सा एकदम जागेवर बसला. गुंद्रुक एकटे चाखायचे नसतेच. ठेचा भाकरीशिवाय कोण चाखतो?

सौ. मध्येच उठून घरी गेली आणि एक गाठोडे घेऊन आली. हरभऱ्याचा वाळवलेला पाला. थंडीत खुडून सावलीत वाळवायचा आणि उन्हाळ्यात, रानात हिरवे काही नसते तेव्हा लसणाच्या फोडणीत शिजवायचा. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीबरोबर हाच पाला खाल्ला, असे आई सांगे. दोघी बायका दोन गाठोडी उघडून पाला हुंगत, चुरडत बसल्या. एकीला मराठी धड येत नव्हते, दुसरीला नेपाळी मुळीच नाही. तरी अर्धा तास बोलणे चालले होते.

मी ताटावर आडवा हात धरला. ती बाई "अलिकति, अलिकति" म्हणत राहिली आणि माझा हात बाजूला सारून तिने भाताचा डोंगर वाढला. अलिकति म्हणजे थोडेसे.

निघताना मी त्याला त्याचे नाव विचारले. त्याने सांगितले. "पण पुस्तकात नको, गुरुजी," असेही सांगितले, म्हणून इथे लिहीत नाही. आता मी त्याला त्या नावाने हाक मारतो. वस्ती अजून बहादूरच म्हणते. पण वर्गातली पोरे माझे ऐकून सुधारू लागली आहेत.

यंदाच्या दिवाळीला दोघे आमच्याकडे जेवायला येणार आहेत. काय करू, असे सौ.ने पहिल्यांदाच विचारले. उत्तर द्यायला त्याला बराच वेळ लागला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही पाहुण्यांना देत नाही ते करा."

तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्याकडे ज्वारीच्या कण्या आणि ताक आहे. फराळही आहेच. चकलीच्या पिठातला एक गोळा सौ.ने ओव्याशिवाय वेगळा काढून ठेवला आहे.