पाय रेषेच्या आत, शब्दही रेषेच्या आत



आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये ‘मॅच’ म्हटलं की क्रिकेटच डोळ्यांसमोर येतं. गहुंजेचं स्टेडियम तर शेजारीच. पण शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉलही आहेत, आणि महाराष्ट्रातली मुलं-मुली हे खेळ आवडीने खेळतात. मी शिकवते मराठी, पण आमच्या क्रीडाशिक्षकांच्या मदतीला मैदानावर जाते. तिथे अंपायरचं काम जवळून पाहिलं आणि वाटलं, हा तर आपल्या सगळ्यांसाठी एक धडाच आहे. तोच आज तुमच्यासमोर मांडते.

आधी नियम समजून घेऊ. बेसबॉलमध्ये बॅटरने कुठेही उभं राहून चालत नाही. होम प्लेटच्या दोन्ही बाजूंना फक्कीने एकेक चौकट आखलेली असते, 4 फूट रुंद आणि 6 फूट लांब. बॅटरचे दोन्ही पाय त्या चौकटीत हवेत. रेषा चौकटीतच धरतात, म्हणजे रेषेवर पाय असेल तर तो आतच. पण चेंडू मारताना पाय पूर्णपणे रेषेबाहेर जमिनीवर टेकलेला असेल, तर फटका कितीही सुंदर असो, बॅटर आऊट. आणि बॅटरने चौकटीत यायलाच नकार दिला, तर अंपायर सरळ स्ट्राइक देतो.

मुलं हुशार असतात. चौकटीत आली की बुटाने मागची रेषा हळूच पुसतात. थोडं मागे उभं राहिलं की चेंडू पाहायला क्षणभर जास्त मिळतो ना! चांगला अंपायर इथे ओरडत नाही. चेंडू टाकण्याआधीच तो पायांकडे बघतो, ‘आत ये’ म्हणतो, गरज पडली तर पुन्हा फक्की मारायला लावतो. चूक होण्याआधी सांगणं हे त्याचं पहिलं काम. शिक्षा नंतरची.

आता एक प्रसंग सांगते. शनिवारी सरावाचा सामना होता. अंपायर म्हणून नववीतली एक मुलगी उभी होती. एका मुलाने जोरदार फटका मारला, चेंडू लांब गेला, धावणारे धावले. आणि हिने हात वर केला. आऊट! पाय पूर्ण बाहेर होता. धावणाऱ्यांना परत आपापल्या बेसवर जावं लागलं.

मुलाचे वडील पहिली शिफ्ट संपवून थेट मैदानावर आले होते. ते कडेवरून ओरडले, “एवढ्याशा पायासाठी आऊट? तिला काय कळतंय, मॅडम?” आणखी दोन-तीन पालकांनी सूर मिसळला. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे साध्या सरावातही पालकांचा जीव टांगणीला लागलेला असतो. त्यांची तळमळ मला कळते. पण त्या मुलीचा चेहरा उतरला होता. तिने हळूच विचारलं, “मॅडम, निर्णय बदलू का?”

मी विचारलं, “तुला काय दिसलं?”

“पाय पूर्ण बाहेर होता. मातीत ठसा पण आहे.”

“मग निर्णय तोच.”

वडिलांना मी बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, “दादा, तुमचं म्हणणं नियमाबद्दल आहे की नजरेबद्दल?” कारण बेसबॉलच्या नियमांत हा फरक फार स्पष्ट आहे. अंपायरने नियमच चुकीचा लावला असं वाटलं, तर संघाचा व्यवस्थापक दाद मागू शकतो. पण आऊट की सेफ, बॉल की स्ट्राइक हे अंपायरने डोळ्यांनी पाहून ठरवलेलं असतं, आणि त्यावर वाद घालायला परवानगी नाही. बॉल-स्ट्राइकवरून हुज्जत घालायला कुणी पुढे आला तर आधी ताकीद, आणि तरीही थांबला नाही तर त्याला सामन्याबाहेर काढतात.

शेजारचे एक पालक चाकणच्या कंपनीत आहेत. ते हसून म्हणाले, “अहो, आमच्याकडे शॉपफ्लोअरवर पिवळा पट्टा असतो. फोर्कलिफ्टच्या वाटेत पाय गेला की सुपरवायझर ‘किती इंच गेला’ असं विचारत बसत नाही.” वडील गप्प झाले. आणि गंमत बघा, त्यांचा मुलगा केव्हाच बॅट ठेवून बाकावर जाऊन पाणी पीत बसला होता. त्याला निर्णय मान्य होता. मान्य नव्हता तो आपल्याला, मोठ्यांना.

वर्तनाच्या बाबतीत क्रिकेटनेही हीच वाट धरली आहे. 2017 पासून क्रिकेटच्या नियमांत खेळाडूंच्या वर्तनासाठी 42 वा नियम आला. त्यात गैरवर्तनाच्या चार पायऱ्या केल्या आहेत. पहिल्या पायरीला आधी ताकीद, पुन्हा झालं तर समोरच्या संघाला 5 धावा. दुसऱ्या पायरीला थेट 5 धावा. तिसऱ्या पायरीला त्या 5 धावा आणि शिवाय खेळाडू काही षटकं बाहेर. आणि पंचाला मारण्याची धमकी देणं किंवा मारामारी अशी चौथ्या पायरीची चूक असेल तर उरलेल्या सामन्यासाठी बाहेर. आपल्या कबड्डीतही हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. म्हणजे कुठेही पहिल्याच छोट्या चुकीला मोठी शिक्षा नाही, आणि वारंवार केलेल्या चुकीला माफीही नाही.

आता स्वतःला विचारूया. आपल्या वर्गात, आपल्या घरात अशा पायऱ्या असतात का? की मूड चांगला असला तर सगळं चालतं, आणि दमून आलो असलो तर पहिल्याच चुकीला फटका? रेषा रोज वेगळ्या जागी आखली, तर मुलाने पाय कुठे ठेवायचा?

भाषेची शिक्षिका आहे, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘अंपायर’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘ज्याची जोडी नाही असा’, म्हणजे दोघांच्या भांडणातला तिसरा. आपला शब्द ‘पंच’. त्यात पाच जण आहेत. पाचामुखी परमेश्वर म्हणतो आपण. दोन्हीकडे अर्थ एकच निघतो: निर्णय देणारा कुणा एकाच्या बाजूचा नसतो.

आमच्या शाळेत आता एक पद्धत ठेवली आहे. प्रत्येक मुलाने महिन्यातून एकदा तरी अंपायर व्हायचं. निर्णय देताना पोटात कसा गोळा येतो हे एकदा कळलं की मुलं दुसऱ्याच्या निर्णयावर कमी ओरडतात. प्रश्न विचारायचा असेल तर कर्णधाराने एकट्याने यायचं, आवाज न चढवता विचारायचं. पालकांसाठी फक्कीची एक रेषा कडेला आखतो. टाळ्या कितीही वाजवा, पण रेषेच्या मागून.

त्या मुलीने पुढच्या शनिवारी स्वतःहून मास्क मागून घेतला. ओरडणारे वडीलही आले होते, त्या रेषेच्या मागे उभे.

तुमच्या शाळेत, सोसायटीच्या मैदानावर मुलं पंच होतात का? मोठे त्यांचं ऐकतात का? नक्की कळवा.