एक वॅट पुरे

यावेळी स्पीकरबद्दल लिहितोय. सभेतल्या नाही, घरातल्या. फळीवर मावणाऱ्या दोन लाकडी खोक्यांबद्दल. दुकानात त्यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात. काहीजण म्हणतील, याला आता चैन सुचली. म्हणू देत. नीट कुणी ऐकायचं आणि ढणढणाट कुणी ऐकायचा, ही वाटणीसुद्धा कुणीतरी करून ठेवलीय. ती मोडायला मोर्चाची परवानगी लागत नाही.

आपलं ऐकणं आजवर भोंग्यावर झालं. खांबावरचा भोंगा, त्यातून भाषण, त्यातून कव्वाली, त्यातूनच हरवलेल्या पोराचं नाव. भोंग्याला मी नावं ठेवणार नाही. त्याचे उपकार आहेत. थोड्या विजेवर तो मैदानाच्या टोकाला शब्द पोचवतो, त्यासाठीच तो बनवलाय. पण लांब फेकण्यासाठी तो आवाजाचा खालचा भाग सोडतो, वरचाही सोडतो. उरतो मधला पत्र्यासारखा पट्टा. मग आल्या डीजेच्या भिंती. तिथं छाती हादरते आणि शब्द मरतो. वामनदादा कर्डक जन्मभर गावोगाव हिंडले, ते माणसाच्या डोक्यात शब्द पेरायला. जयंतीच्या भिंतीसमोर त्यांच्याच गाण्यातली एक ओळ ऐकू येत नाही, आणि आपण नाचत राहतो.

माझी गरज साधी होती. बाप एका गायनपार्टीत कोरसला होता. मुख्य गायकाच्या मागं बसायचा, टाळ्या धरायचा, शेवटची ओळ उचलायचा. त्या पार्टीच्या सात कॅसेटी घरात होत्या. कंपनीच्या नव्हेत. कार्यक्रमात कुणीतरी टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवून भरलेल्या. बाप गेला. भाच्यानं कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि मोबाईलमध्ये घालून दिल्या. मोबाईलच्या नखाएवढ्या स्पीकरवर सगळा कोरस मिळून एकच माणूस वाटतो. मला त्यातला एक माणूस वेगळा काढायचा होता. एवढंच.

आमचं घर एसआरएच्या इमारतीत, सगळं मिळून २२५ चौरस फूट. बसायची जागा दहा बाय बारा. त्यात कपाट, स्टीलची मांडणी, आई, बायको, दोन पोरं. खिशात भिशीचे पंधरा हजार.

मुंबईत असलं सामान घ्यायचं तर लॅमिंग्टन रोड. गेलो. दुकानाचं नाव घेत नाही. विक्रेत्यानं विचारलं, काय ऐकता? म्हटलं, भीमगीतं. तो थेट कोपऱ्यात घेऊन गेला. तिथं चाकं लावलेलं, लाल-निळे दिवे लुकलुकणारं कमरेएवढं खोकं. म्हणाला, "तुमच्यासाठी हा. बास बघा ना भाऊ." म्हटलं, मला शब्द ऐकायचेत. तो म्हणाला, "ते तिकडचे क्लासिकलवाले घेतात." शिवी दिली नाही त्यानं. हात लावू नका, असंही म्हणाला नाही. फक्त माझे कान कुठल्या खान्यात बसतात ते दोन वाक्यांत ठरवून टाकलं. साला, गाण्यावरून माणूस ओळखायचा आणि माणसावरून खोकं काढायचं!

मग वाचायला बसलो. आपली जुनी खोड. एक गोष्ट हाती लागली ती सगळ्यांना सांगण्यासारखी आहे. फ्लॉइड टूल नावाच्या शास्त्रज्ञानं कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. कंपनी दिसत नाही, आकार दिसत नाही, किंमत कळत नाही. फक्त ऐका आणि गुण द्या. पुढं १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर झाकून आणि उघडे असे दोन्हीप्रकारे ऐकवले. डोळ्यांना दिसताच गुण बदलले. २००३ साली ऑलिव्हनं अडीचशेच्या वर लोकांना चार स्पीकर ऐकवले. काही तरबेज ऐकणारे, बाकीचे साधे. तरबेजांनी हात आखडून गुण दिले, त्यांच्या निकालात चलबिचल कमी होती. पण आवडीचा क्रम जवळपास सारखा निघाला. लोकांना आवडतो तो स्पीकर कुठल्या सुराला स्वतःहून चढवत नाही की दाबत नाही, आणि बाजूला बसलेल्यालाही साधारण तसाच ऐकू येतो.

म्हणजे चांगला आवाज ओळखायला घराण्याची गादी लागत नाही. पडदा टाकला की आपले कान आणि त्यांचे कान एकाच रांगेत. हे मोजून सिद्ध झालेलं आहे.

आता वॅटचं थोतांड. खोक्यावर छापलेलं असतं, इतके हजार वॅट पीएमपीओ. त्या आकड्याला कसला आधार नाही. बघायचा असेल तर आरएमएस वॅट बघा, आणि त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी. समजा, आठ ओहमच्या स्पीकरच्या कागदावर ८६ डेसिबल लिहिलंय. याचा अर्थ, एक वॅट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. साधं बोलणं त्याच अंतरावर ६० च्या आसपास असतं. दहा बाय बाराच्या खोलीत घरच्या ऐकण्याला एक वॅट पुरतो. ढोलकीची थाप क्षणभर जास्त मागते, म्हणून ॲम्प्लिफायर वीस-पंचवीस वॅटचा घ्या. तेवढा पुष्कळ झाला. तीन डेसिबल वाढवायचे तर वॅट दुप्पट लागतात, दहा वाढवायचे तर दहापट, आणि दहा वाढल्यावर कानाला जेमतेम दुप्पट वाटतं. हजारो वॅटच्या नावाखाली आपल्याला पत्रा विकतात.

मोठा वूफरही नको. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशेबानं बारा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झला आणि दहा फुटांवरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झला खोली स्वतःच घुमायला लागते. आठ इंची वूफर आणाल तर खोली गुरगुरेल, मांडणीतली ताटं वाजतील आणि शेजारी दार ठोठावेल. चार-पाच इंची वूफर आणि एक ट्वीटर, बस्स. माणसाचा आवाज बहुतेक सगळा यात येतो. बीबीसीच्या इंजिनिअरांनी १९७० च्या दशकात एलएस-थ्री-फाइव्ह-ए नावाचा छोटा स्पीकर बनवला, तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, तेवढ्याशा जागेत, माणसाचा आवाज खरा ऐकू यावा म्हणून. जागा लहान आणि काम बोलण्याचं. आपलं प्रकरण तेच आहे.

आपली घरं बघून कुणी या स्पीकरांची पुस्तकं लिहिलेली नाहीत. त्यांत लिहिलेलं असतं, ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवा, आणि खुर्चीचा हिशेब धरलेला असतो. आपण सतरंजीवर बसतो. मांडी घालून बसल्यावर कान जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास येतो. तेव्हा स्पीकर तेवढ्या उंचीवर ठेवा. जागा नसेल तर वर ठेवा आणि पुढं झुकवा. दोघांमध्ये चार-पाच फूट, आणि तुमच्यापर्यंतही तेवढंच. कोपऱ्यात कोंबू नका, खालचा आवाज फुगतो आणि शब्द दबतो. मागं भोक असेल तर भिंतीपासून हातभर तरी पुढं, आणि तेवढी जागा नसेल तर त्या भोकात एक मोजा कोंबा. खोक्याखाली जुन्या स्लीपरचे चार तुकडे ठेवा म्हणजे कपाट थरथरणार नाही. समोरच्या उघड्या भिंतीवर आईची वाकळ टांगा. आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट बाजूला असेल तर आवाज आदळून परत येत नाही, विखरतो. राजगृह पुस्तकांसाठी बांधणाऱ्या माणसाची आपण पोरं. तेवढं कपाट तरी घरात असावं.

निवड कशी करायची? स्वतःची गाणी घेऊन जा. दुकानदाराची चकचकीत गाणी ऐकू नका, ती कशावरही बरी वाजतात. मी तीन गोष्टी नेल्या. एक, बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखत. नुसता माणसाचा आवाज. ते दोन वाक्यांमध्ये थांबतात, ती जागा ऐका. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला की पुढचा स्पीकर. दोन, बापाच्या कॅसेटीतला कोरस. कॅसेटीत खरखर असतेच. ज्या स्पीकरचा वरचा सूर चढवून ठेवलेला असतो त्यावर ती खरखर सुईसारखी टोचते. तीन, ढोलकी. थाप पडून तिथंच थांबली पाहिजे, मागं घूं करत राहता कामा नये. दोन्ही स्पीकर सारख्या आवाजात लावायला सांगा, कारण जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं. आणि पाठ करून बसा. दुसऱ्यानं बदलावं, तुम्ही फक्त बोट वर करायचं.

ॲम्प्लिफायर पोटात असलेले स्पीकर स्वस्तात पडतात, एक प्लग लावला की झालं. पण आतली सर्किट बिघडली की दोन्ही गप्प. मी ॲम्प्लिफायर वेगळा घेतला. तो गेला तर तो बदलेन, खोकी राहतील. खोकी जुनीच घेतली, नऊ हजाराला जोडी. ॲम्प्लिफायर साडेतीन हजार, वायर तीनशे. जुनं घेताना वूफरची कड बघा, फोमची असेल तर कुजून फाटते. कोन दोन्ही बाजूंनी हलक्या बोटांनी सारखा दाबा. आत घासल्याचा आवाज आला तर पैसे काढू नका. घरी जोडताना लाल वायर लालला. एकीकडं उलटी झाली तर बास गळतो आणि गाणारा मधोमध उभा राहत नाही, खोलीभर भटकतो.

लावल्यावर पहिल्याच रात्री कोरस सुटा झाला. चार माणसं. त्यातला एक जाड, थोडा मागून येणारा आवाज मी पकडला आणि आईला म्हटलं, हा बघ, आपले दादा. आईनं पदर डोक्यावर घेतला, भिंतीला टेकून दोनदा ऐकलं. म्हणाली, "गातोय त्यो दुसरा. त्याच्या मागं खोकला ना, त्यो तुझा बाप." गिरणीतला खोकला. मोबाईलवर तो कधी ऐकूच आला नव्हता. आता रोज सांजेला ती तेवढाच भाग लावायला सांगते.

दोस्तहो, तुमच्याही माळ्यावर असल्या कॅसेटी पडून असतील. त्या कुठल्या ग्रंथालयात नाहीत आणि कुणी छापणार नाही. फितीला ओल लागते, बुरशी धरते, थर चिकटतात. आधी त्या खाली काढा, पुसा, उतरवून घ्या, वर कोण गातंय ते लिहून ठेवा. ओळखणारी म्हातारी माणसं आहेत तोवरच हे होईल. स्पीकर काय, पुढच्या वर्षीही मिळेल.