जातिवंत, गावठी आणि मधले

मराठीत कुत्र्यांची प्रतवारी करणारे दोन शब्द रूढ आहेत : ‘जातिवंत’ आणि ‘गावठी’. या दोहोंच्या मधल्या प्राण्याला मात्र आपल्या भाषेत आदराचे नाव नाही. ‘मिक्स’, ‘क्रॉस’ असे परके शब्द वापरायचे, नाहीतर ‘संकर’ म्हणायचे; आणि संकर या शब्दाला धर्मशास्त्राने लावलेला कलंक अद्याप पुरता पुसला गेलेला नाही. गेली सहा वर्षे असा एक मधला जीव आमच्या घरात वावरतो आहे. आई रॉटवायलर, बाप बहुधा गल्लीतला. काळाभोर म्हणून आम्ही त्याचे नाव ‘बुक्का’ ठेवले. त्याच्या डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके आहेत. ते नसते, तर त्याच्याविषयीचे निम्मे प्रश्न उपस्थितच झाले नसते.

रॉटवायलर हे मुळात एका गावावरून आलेले नाव. जर्मनीच्या नैर्ऋत्येस रॉटवाइल हे जुने गाव आहे. तेथील खाटकांची गुरे बाजाराला हाकून नेणे आणि मांसाच्या गाड्या ओढणे हे या कुत्र्याचे काम. परतताना खाटीक पैशाची थैली त्याच्या गळ्यात बांधीत, अशी आख्यायिका आहे. एकोणिसाव्या शतकात गुरे रेल्वेने जाऊ लागली आणि कुत्र्याचा रोजगार बुडाला. विसाव्या शतकाच्या आरंभी पोलिसांनी त्याला पुन्हा कामाला लावले. गुरे हाकणारा तो पहारेकरी झाला आणि पुढे त्याच्या नावाभोवती दहशत जमली.

ही दहशत आमच्या इमारतीपर्यंत पोचली ती २०२४ साली. १२ मार्चला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र लिहिले : तेवीस जातींच्या, आणि त्यांच्या संकरित, कुत्र्यांच्या विक्रीला व पैदाशीला परवाने देऊ नयेत; जे आधीच पाळलेले आहेत त्यांचे निर्बीजीकरण करावे. यादीत रॉटवायलर होता. १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवले. परंतु तोवर त्याची छायाप्रत आमच्या सूचनाफलकावर लागली होती. सभेत शेजारच्या काकू म्हणाल्या, “सर, मॅडम, तुमचा बुक्का गुणी असेल हो, पण जिन्यात तो समोर आला की माझा जीव घशाशी येतो, त्याचं काय करू?”

या प्रश्नाला शास्त्राचे उत्तर देता आले असते. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आधारलेले एक संशोधन २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातील फरकांपैकी सुमारे नऊ टक्केच त्याच्या जातीवरून समजू शकतात, असा त्याचा निष्कर्ष. मिश्र कुत्र्याच्या बाबतीत तर रंगावरून कुळ ओळखणे आणि कुळावरून स्वभाव ठरवणे, हे दुहेरी अनुमान होते. पण भीतीला टक्केवारी कळत नाही. आणि काकूंची भीती खोटी नव्हती. दोन कुत्र्यांचा स्वभाव सारखा असला, तरी दहा किलोच्या कुत्र्याचा चावा आणि चाळीस किलोच्या कुत्र्याचा चावा सारखे नसतात. त्या दिवसापासून जिन्यात आणि लिफ्टमध्ये बुक्काच्या तोंडाला जाळी असते. ती घातल्याने त्याचा अपमान होतो, असे आम्हांला वाटत नाही.

आम्ही दोघेही वर्गात दलित साहित्य शिकवतो. ‘जात’ हा शब्द आम्हांला सहजपणे उच्चारता येत नाही. माणसाची जात ही माणसावर लादलेली कल्पना आहे. तिचा देहाशी काही संबंध नाही. कुत्र्याची जातही माणसानेच घडवली, पण निवडक पैदाशीतून तिचा ठसा शरीरावर खरोखरच उमटतो. म्हणून एकाची उपमा दुसऱ्याला देऊ नये. तरीही नावावरून निवाडा करण्याची आपली घाई दोन्हीकडे सारखीच दिसते, हे नमूद केलेच पाहिजे.

असा कुत्रा पाळावा का, असे विद्यार्थी विचारतात. आम्ही उलट विचारतो : सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास आहे का? त्याने अचानक ओढ घेतली तर साखळी धरून ठेवण्याचे बळ घरातल्या प्रत्येक फिरवणाऱ्याच्या हातात आहे का? पिल्लू तीन-चार महिन्यांचे होईतो त्याला परकी माणसे, मुले, वाहने, फटाके यांची ओळख करून द्याल का? लहान मुलाजवळ त्याला एकटे न सोडण्याची शिस्त पाळाल का? काळ्या, दाट अंगाच्या या प्राण्याला वैशाखात भर दुपारी बाहेर नेता येत नाही. थोराड कुत्र्यांत खुब्याच्या सांध्याचे दुखणे नेहमीचे, आणि आयुष्य बहुधा नऊ-दहा वर्षांचे. दाराशी बांधून ठेवण्यासाठी राखणदार हवा असेल, तर तो आणू नये. बांधलेला कुत्रा आधी कंटाळतो, मग चिडतो. आणि दोष मात्र त्याच्या रक्ताला दिला जातो.

बुक्का आमच्या पायांवर अंगाचा भार टाकून उभा राहतो. ही रॉटवायलरची लकब म्हणतात. रस्त्यावरच्या भांडणापासून तो चार पावले लांबून निघतो. हे शहाणपण गल्लीचे असावे. कोणता गुण कुठून आला हे ठरवण्याचा नाद आम्ही सोडला आहे. काकू आता त्याला नावाने हाक मारतात, मात्र जाळी तोंडावर आहे ना, हे आधी पाहून घेतात. त्यांचे पाहणे आम्हांला योग्य वाटते, आणि त्यांचे हाक मारणेही.