आधी उलटी बाजू दाखव!

संक्रांतीला येवल्यात कामाचं नाव काढायचं नसतं. भोगी, संक्रांत, कर... तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर. हातात आसारी, कानावर हलकडी, आणि कुणाचा पतंग कटला की चारी बाजूंनी एकच ओरडा! अशा दिवशी मी मात्र जिन्यात बसलेलो, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

'एवढं काय अर्जंट आहे रे?' आईने तिळगूळ हातावर ठेवत विचारलं. तिला काय सांगणार, की एका बॉटने आणून दिलेला कोड तपासतोय आणि मला त्याची चक्क भीती वाटतेय?

मी पुण्यातल्या एका कंपनीत ऑनलाइन पेमेंटचं काम बघतो. तुम्ही साइटवर कार्डाने पैसे भरता, तेव्हा आमचा कोड थेट बँकेशी बोलत नाही. मध्ये पेमेंट गेटवेची लायब्ररी असते. ही लायब्ररी हल्ली बऱ्याचदा माणूस ओळ न् ओळ लिहीत बसत नाही. गेटवेकडे एक वर्णनाची फाइल असते. कुठल्या विनंतीत काय पाठवायचं, कुठे आकडा, कुठे अक्षरं, सगळं त्यात. त्यावरून एक जनरेटर पायथन, जावा, रुबी, पीएचपी अशा सगळ्या भाषांतला कोड छापून काढतो. स्ट्राइपसारख्या बड्या कंपनीच्या लायब्ररीतल्या फाइल्सच्या डोक्यावर तसं लिहिलेलंच असतं, की ही फाइल ओपनएपीआय वर्णनावरून तयार झाली आहे. वर्णन बदललं की नवी आवृत्ती येते. मग आपल्याकडचा दुसरा बॉट ती आणून दारात ठेवतो. अपडेट आलाय, बघून घ्या! बघून घेणारा माणूस म्हणजे मी.

गेल्या वर्षी मार्चएंडच्या गडबडीत असाच एक अपडेट आला. दोन हजारांवर ओळी बदललेल्या. उघडून बघतो तर काय, जनरेटरने आपली लिहिण्याची पद्धतच बदललेली. एकेरी अवतरणचिन्हांची दुहेरी झालेली, लांब ओळी तोडलेल्या, स्वल्पविराम इकडचे तिकडे. आता मी पडलो कोडिंग स्टाइलचा भक्त. पायथनवाल्यांची पीईपी ८ नावाची २००१ सालची नियमावली आहे, तिच्यात ओळ ७९ अक्षरांत बसवा असं सांगितलंय. मला ती जवळपास पाठ. मी बाह्या सरसावल्या आणि चौदा कॉमेंट्स टाकल्या. ही ओळ लांब आहे, हे नाव बरोबर नाही, इथे एक जागा जास्त आहे वगैरे. कुणासाठी? मशीनसाठी! पुढच्या वेळी जनरेटर चालला की सगळ्या फाइल्स पुन्हा नव्याने छापल्या जाणार, माझे चौदा मोती त्याच्या गावीही नसणार. पण काम केल्याचं समाधान झालं, आणि मी अप्रूव्ह दाबलं.

त्या दोन हजार ओळींत एक ओळ स्टाइलची नव्हती. पेमेंटची विनंती अडकली तर पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा, तो आकडा आधी ० होता, तो २ झाला होता. बस्स. खरं तर पुन्हा प्रयत्न करणं वाईट नाही. फक्त प्रत्येक वेळी तोच खास नंबर पाठवावा लागतो, म्हणजे पलीकडच्याला कळतं की ही जुनीच विनंती आहे. आमचा कोड दर वेळी नवा नंबर देत होता. नेट हळू असलं की एकाच खरेदीचे पैसे दोनदा!

तेवीस ग्राहक. सपोर्टवाल्यांनी मला एक कॉल ऐकवला. एक बाई अगदी शांतपणे सांगत होत्या, की मुलाची फी दोनदा कापली गेलीय आणि आता घरभाड्याला पैसे नाहीत. रिफंड मिळेल हो, पण घरमालक थांबणारे का? त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. गेटवेचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून गेली होती.

मग स्टाइल गेली उडत, असं म्हणायचं का? तसंही नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत अॅपलच्या आयफोन आणि मॅकमधली एक चूक जगभर गाजली. सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली होती. अटीला कंस नव्हते. दुसरी ओळही पहिलीसारखीच आत सरकवलेली, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटावं की तीही अटीखालीच आहे. प्रत्यक्षात ती दर वेळी चालायची आणि पुढची सहीची तपासणी टळायची. बँकेची साइट म्हणून भलतीच साइट समोर आली असती तरी फोनला पत्ता लागला नसता! तिथे स्टाइलनेच डोळ्यांना फसवलं. माझ्याकडेही तेच, फक्त पसारा मोठा.

दिवाळीत घरी आलो तेव्हा काकांना हे सांगितलं. काका पैठणी विणतात, हातमागावर. कॉम्प्युटरचं काही कळत नाही म्हणत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 'मशीनचा माल वाईट नसतो रे,' ते म्हणाले. 'वरून तर आमच्यापेक्षा साफ. गिऱ्हाईक पदरावरचा मोर बघतं आणि पिशवी भरतं. आधी उलटी बाजू दाखव म्हणावं!' हाताने विणलेल्या काठापदरात प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते, धागे एकमेकांत अडकवत जातात, म्हणून मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. मशीनवरच्या नक्षीत धागे मागून लोंबत एका मोरावरून दुसऱ्या मोरावर जातात. (हातमाग थोर आणि मशीन चोर, असा डोस द्यायचा नाहीये. जनरेटर माझ्यापेक्षा कमी चुका करतो, हे मी शपथेवर सांगेन.)

हल्ली मी एक साधी गोष्ट करतो. जुनी आणि नवी दोन्ही आवृत्त्या एकाच फॉरमॅटरमधून काढतो. दोघींना एकच युनिफॉर्म! मग तुलना करतो. अवतरणं, स्वल्पविराम, तोडलेल्या ओळी गायब होतात आणि उरतं तेच खरं बदललेलं असतं. त्यात आधी न सांगता ठरवलेले आकडे बघतो, मग रकमा. बऱ्याच गेटवेंना रक्कम पैशांत लागते, ४९९ रुपये म्हणजे ४९९००. जपानी येनला सुटे नाहीत, कुवेती दिनाराचे हजार फिल्स होतात. जनरेटरने तिथे एक शून्य इकडचं तिकडे केलं तर? स्टाइलच्या कॉमेंट्स मात्र बंद. फारच खुपलं तर जनरेटर सांभाळणाऱ्यांना लिहितो, तिथे एकदा दुरुस्त झालं की सगळ्या भाषांत होतं.

तर, जिना. ह्या वेळी अठराशे ओळी होत्या, युनिफॉर्म घातल्यावर सदतीस उरल्या. छत्तीस कळल्या. एका ओळीत रिफंडची रक्कम आधी आकडा म्हणून जायची, ती आता अक्षरं म्हणून जाणार होती. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. बॉसचा मेसेज आला, 'दे ना टाकून अप्रूव्हल, सुट्टीवर आहेस!' मी एकच कॉमेंट लिहिली, 'हे का बदललं?' आणि लॅपटॉप मिटला.

वर गेलो, तर माझा पतंग चुलतभावाने केव्हाच कटवून टाकला होता.