आठचा पाना

वर्सोव्याच्या जेटीवरून मढला जाणारी फेरीबोट ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: या बोटीत माणसं चढतात, मासळीच्या टोपल्या चढतात आणि मोटारसायकलीही चढतात. रस्त्याने जायचं तर मालाडचा वळसा घालून वीसेक किलोमीटर पडतात, बोटीने पाच-सात मिनिटांत पलीकडे. म्हणून रविवारी सकाळी तिथे बाईकवाल्यांची रांग असते. गेली चार-पाच वर्षं त्या रांगेत मीही असतो, माझ्या २०११ सालच्या दीडशे सीसी बाईकसकट. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर लोक मूळ विषय सोडून मायलेजवर घसरतात.) पलीकडे जायचं, एरंगळपर्यंत रमतगमत चक्कर मारायची, चहा प्यायचा, नऊच्या आत घरी. सोमवार ते शुक्रवार एका काचेच्या इमारतीत बसून दुसऱ्यांच्या बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसाला एवढी चैन पुरते.

तर झालं असं की, असाच एका रविवारी जेटीच्या ओल्या उतारावरून बाईक खाली नेत होतो. इंजिन बंद, पाय जमिनीला, पुढचा ब्रेक हलका धरलेला. आणि चाकातून आवाज आला. कुईं असा आला असता तर परवडलं असतं. हा खर्रर्र होता, कोरड्या पाट्यावर वरवंटा फिरवावा तसा. बाईक थांबली, पण मला हवी होती तिथे नाही, त्याच्या दोन फूट पुढे. समोर डोक्यावर पाटी घेऊन एक मावशी उभ्या होत्या. त्यांनी वळून बाईककडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काहीही न बोलता एक पाऊल बाजूला झाल्या. वर्सोव्याची कोळीण काहीही न बोलता बाजूला होते, म्हणजे माझी अवस्था किती वाईट दिसत असेल विचार करा!

मढ रद्द. तसाच हळूहळू घरी आलो आणि फाईलमधून सर्व्हिसिंगचं बिल काढलं. सहा आठवड्यांपूर्वीचं होतं. त्यावर छापील यादी, आणि 'फ्रंट ब्रेक' समोर निळ्या पेनाने सुबक बरोबरची खूण. कुठलं सर्व्हिस सेंटर ते सोडा. खूण करणाऱ्या पोराला त्या दिवशी किती गाड्या उरकायच्या होत्या देव जाणे. शिवाय बोलायला मला तोंड नाही. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता रिव्ह्यूला आलेला चारशे ओळींचा कोड मीही 'लुक्स गुड' लिहून पुढे ढकललेला आहे.

पण डोक्यात बसलं ते बसलंच. यापुढे ब्रेकचं काम आपण स्वतः करायचं.

"अरे, चेनला तेल घाल, धू, पूस, काय हवं ते कर," बायको म्हणाली. "ब्रेक कशाला? त्या गाडीवर चिनू बसते."

चिनू म्हणजे आमची कन्या, वय वर्षं सात. दर बुधवारी मागे बसून यारी रोडला चित्रकलेच्या क्लासला जाते. बायकोच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी ब्रेक उघडायला निघालो होतो तेही त्याच वाक्यामुळे.

मग आठवडाभर रात्री वाचन केलं. आणि एक हिशेब सुटीच्या मूडमध्ये मांडला, तो इथे देतो कारण मला तो विसरता येत नाही. बाईक आणि मी मिळून साधारण २२० किलो. ताशी ६० चा वेग म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या थोडं वर. थांबताना ही सगळी गतिज ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती होते साधारण ३० हजार ज्यूल. म्हणजे शंभर मिलिलिटर पाणी, एक कटिंग चहा समजा, माठातल्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला लागते तेवढी उष्णता. लिंक रोडवर प्रत्येक सिग्नलला आपण एक कटिंग उकळतो आणि त्याचा मोठा वाटा पुढच्या चाकातल्या दोन छोट्या पॅडवर ओततो, कारण ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे झुकतो. त्यात माझ्या बाईकला एबीएस नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं झालं १ एप्रिल २०१९ पासून, माझी त्याआधीची. तिच्या ब्रेकमध्ये जे काही आहे ते म्हणजे पॅड, थोडं द्रव आणि माझी दोन बोटं.

शनिवारी पार्किंगमध्ये बैठक मारली. कॅलिपर उतरवला, पिन काढली, पॅड बाहेर आले. आणि गंमत बघा, एक पॅड जवळजवळ नवा होता, दुसरा संपून खालची पत्र्याची पाठ डिस्कला घासत होती. दोघांचं वय एकच, घरही एकच! मला वाटलं चुकीचे पार्ट बसवलेत. मग मॅन्युअलमधलं चित्र नीट पाहिलं. अशा कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर उलट्या दिशेने सरकून पलीकडचा पॅड ओढून आणतो. हे सरकणं दोन पिनांवर होतं, त्यांना स्लाइड पिन म्हणतात. त्या अडकल्या की पिस्टनकडचा पॅड एकटा राबतो आणि दुसरा नुसता हजेरी लावतो. (आमच्या टीममध्ये... असो.)

माझी एक पिन हातभर जोर लावूनही हलेना. ती घेऊन, म्हणजे कॅलिपरचा तो अख्खा ब्रॅकेटच घेऊन, कोळीवाड्यात गेलो. तिथे एक काका बोटींची इंजिनं दुरुस्त करतात, आमची जुनी ओळख. त्यांनी ब्रॅकेट उजेडाला धरला.

"कधी उघडलं होतंस?"

"मी? कधीच नाही."

"मग मीठ शिरणारच. बोटीतनं नेतोस ना गाडी? वर खाऱ्या वाऱ्यात उभी." ब्रॅकेट शेगड्यात आवळून, गंज सोडवायचं तेल सोडून ते दहा मिनिटं दुसऱ्याच कामाला लागले. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "थांब. भिजू दे. आणि ओढायचं नाही आधी. आधी फिरवायचं, मग ओढायचं."

पिन निघाली. लालसर, खरबरीत, मध्ये कंबर खाल्लेली. घासून चालण्यासारखी नव्हती. मी त्यांच्या डब्यातलं पिवळं ग्रीस मागितलं, नव्या पिनेला लावायला. त्यांनी उलट विचारलं, "आत रबर आहे?" आहे, दोन्ही पिनांवर रबरी टोप्या असतात. "मग हे नको. हे खाऊन रबर फुगतं, मग परत अडकेल. सिलिकॉनचं घे." हे मॅन्युअलमध्येही लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं. डब्यासमोर उभं राहिल्यावर आठवलं नाही.

अंधेरीतून नव्या पिना, पॅड, ग्रीस आणि एक टॉर्क रेंच आणला. (टॉर्क रेंचची किंमत या घरात एकाच माणसाला माहीत आहे.) रविवारी दुपारी जोडणीला बसलो. नवे पॅड जाड, म्हणून बाहेर आलेला पिस्टन आत ढकलावा लागतो. तो आत गेला की द्रव वर हँडलजवळच्या डबीत चढतं. माझी डबी कुणीतरी काठोकाठ भरून ठेवली होती. चार थेंब टाकीवर पडले. आपल्याकडे मेकॅनिक याला सरसकट 'डिस्क ऑइल' म्हणतात, त्यामुळे मी तेल समजून निवांत फडक्याने पुसलं. हे तेल नाही. ग्लायकॉलच्या जातीचं रसायन आहे आणि रंगाचा वैरी आहे. लगेच भरपूर पाण्याने धुवायचं असतं. टाकीवर आता गोव्याच्या नकाशासारखा एक फोड आहे.

पण टाकीचा फोड ही काही या गोष्टीतली मोठी चूक नव्हे.

साडेपाचला सगळं बसलं. बोल्ट सांगितल्या टॉर्कला आवळलेले, चाक मोकळं फिरतंय, पिना लोण्यासारख्या सरकतायत. मी प्रचंड खूश. तेवढ्यात चिनू खाली आली. "बाबा, झालं? मला एक राउंड!"

"जा, हेल्मेट घेऊन ये."

तिचं हेल्मेट एरवी बाईकलाच अडकवलेलं असतं. त्या दिवशी काम करताना मध्ये येतं म्हणून मी ते वर ठेवून आलो होतो. ती लिफ्टकडे पळाली. तेवढ्यात गाडी वळवून ठेवावी म्हणून मी स्टार्ट केली आणि रॅम्पवरून खाली सोडली. आमचा रॅम्प थेट गेटवर उतरतो. अर्ध्यावर पुढची लिव्हर दाबली.

लिव्हर गेली ती गेलीच. मुठीला टेकली. काहीही झालं नाही. म्हणजे अगदी काहीही नाही, खर्रर्रसुद्धा नाही.

पाय आपोआप मागच्या ब्रेकवर गेला, चाक घसरलं, आणि गाडी वॉचमनच्या खुर्चीच्या अलीकडे थांबली. वॉचमनदादा खुर्चीतून उठले होते. "क्या हुआ साब?" मला बोलता येईना. लिव्हर पुन्हा दाबली, मऊ. पुन्हा दाबली, थोडी घट्ट. चौथ्यांदा दगडासारखी कडक.

बिघडलेलं काहीच नव्हतं. पिस्टन आत ढकलल्यावर पॅड आणि डिस्क यांच्यात फट राहते. गाडी हलवण्याआधी लिव्हर पंप करून ती भरून काढायची असते. मॅन्युअलमध्ये शेवटून दुसरी ओळ आहे ती. मला पाठ होती. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि चिनू हेल्मेटचा पट्टा लावत बाहेर आली. "बाबा, तू माझ्याशिवाय गेलास?"

ऑफिसात मी चूक केली तर रोलबॅक असतो. आधी टेस्टचं सर्व्हर असतं, त्याच्या आधी कुणीतरी दुसरा कोड बघतो. इथे टेस्ट सर्व्हर म्हणजे तो रॅम्प, आणि तिला हेल्मेट आणायला लागलेली तीन मिनिटं.

रात्री बायकोला सांगितलं. न सांगण्याचा विचार मनात आला नव्हता असं नाही. ती भूलतज्ज्ञ आहे, ओरडण्याची तिची पद्धत म्हणजे आवाज आणखी खाली जाणं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला माहीत नव्हतं असं नाही ना?"

"नाही. माहीत होतं."

"आमच्याकडेही सगळ्यांना सगळं माहीतच असतं."

मग तिने ऑपरेशन थिएटरमधल्या चेकलिस्टबद्दल सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली काढलेली, जेमतेम १९ मुद्द्यांची. त्यात अवघड असं काही नाही: पेशंट कोण, ऑपरेशन कुठल्या बाजूचं, ॲलर्जी आहे का. वीस वर्षं काम केलेल्या सर्जनलाही हे विचारतात, आणि मनात नाही, मोठ्याने. विचारतो एक, उत्तर देतो दुसरा. "तू स्वतःच केलंस, स्वतःच तपासलंस आणि स्वतःच खूश झालास," ती म्हणाली. सर्व्हिस सेंटरच्या निळ्या पेनापेक्षा हे कशात वेगळं होतं, असं तिने विचारलं नाही. माझं मलाच ऐकू आलं.

दोन आठवड्यांनी मी द्रवही बदललं. जुनं चहाच्या रंगाचं झालं होतं. हे रसायन हवेतली ओल पितं, आणि वर्सोव्यात ओलीला काय तोटा! डॉट ४ प्रतीचं द्रव नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळायचं नाही अशी अट असते; पावणेचार टक्के पाणी मुरलं की ती अट १५५ वर येते. द्रव उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक नाही. मेकॅनिकच्या भाषेत 'हवा काढणं', ते काम एकट्याने करणं कठीण. बायको लिव्हरवर, मी खाली आठचा पाना घेऊन निपलपाशी, निपलला पारदर्शक नळी.

"दाब."

"दाबली."

"धरून ठेव. सोडलीस तर हवा आत जाईल." पाना पाव फेरा. बुडबुडे. पाना बंद. "सोड."

असं तीस-चाळीस वेळा. तिचा हात दुखायला लागला, पण नळीत बुडबुडा दिसला की तीच म्हणायची, "अजून एकदा." शेवटी नळीतून मधासारखं स्वच्छ द्रव यायला लागलं तेव्हाही तिने आणखी पाच वेळा दाबायला लावलं.

आता पार्किंगच्या खांबाला एक लॅमिनेट केलेला कागद लटकतो. अक्षर चिनूचं, मजकूर तिच्या आईचा. सात मुद्दे आहेत. चिनू वाचते, मी करून दाखवतो आणि मोठ्याने उत्तर देतो. चौथा मुद्दा, 'लिव्हर घट्ट?', ती माझ्या उत्तरावर सोडत नाही, स्वतःच्या दोन्ही हातांनी दाबून बघते.

गेल्या रविवारी तिघं मिळून जेटीवर गेलो. पहिल्यांदा मागे बायको बसणार असं तिनेच ठरवलं होतं, चिनू शेजारच्या ताईबरोबर चालत आली. उतारावर मी बाईक बोटीच्या फळीअलीकडे थांबवली, जिथे थांबवायची होती तिथेच. मागून बायकोने विचारलं, "मागचे लायनर कधी बघणार आहेस?"

येत्या शनिवारी. त्याला मागचं चाक काढावं लागतं.