माझी विमान कंपनी, त्याची विमान कंपनी आणि रात्रीची झोप

गेली काही वर्षं मी एक विमान कंपनी चालवतो. तिचं मुख्यालय नागपूरला आहे, ताफ्यात ३४ विमानं आहेत आणि ती सगळी फक्त संगणकाच्या पडद्यावर उडतात. दुपारच्या ओपीडीनंतर लॅपटॉप उघडा दिसला की ओळखीचे पेशंट विचारतात, "काय सर, शेअर मार्केट का?" मी सांगतो की हा खेळ आहे. मग ते जरा गोंधळतात. पन्नाशी ओलांडलेला, भंडाऱ्यासारख्या गावात प्रॅक्टिस करणारा एमडी डॉक्टर गेम खेळतो, हे त्यांच्या पचनी पडत नाही.

आज या खेळाबद्दल लिहितो आहे, त्याला कारण आहे. "मुलाला मोबाइल गेमचं व्यसन लागलं" ही तक्रार घेऊन पालक माझ्याकडे येतात. नाद कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, हा प्रश्न त्यांना पडलेला असतो. योगायोगाने हा प्रश्न मला बाहेरूनही दिसतो आणि आतूनही.

हा खेळ असतो तरी काय?

मी खेळतो त्याचं नाव एअरलाइनसिम. जर्मनीत तयार झालेला, ब्राउझरमध्ये चालणारा खेळ. यात विमान उडवायचं नसतं, कंपनी चालवायची असते. विमान विकत घ्यायचं की भाड्याने, कोणत्या दोन गावांमध्ये उडवायचं, तिकीट किती ठेवायचं, देखभालीला किती वेळ द्यायचा, हे सगळं आपण ठरवायचं. त्याच मार्गावर इतर खेळाडूंच्या कंपन्याही असतात, त्या आपले प्रवासी पळवतात. बंदुका नाहीत, आवाज नाही. पाहणाऱ्याला वाटावं की हा माणूस हिशेबाची वही लिहितो आहे.

एक साधं उदाहरण घेऊ. आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त समजण्यापुरते. ७० आसनांचं छोटं विमान आहे. एका फेरीचा सगळा खर्च २,१०,००० रुपये आणि तिकीट ५,००० रुपये. म्हणजे ४२ प्रवासी बसले की खर्च निघाला. ४३ वा प्रवासी हा पहिला नफा. पण ३५ च बसले तर? विमानाचं भाडं, पगार, विमानतळाचे पैसे काही कमी होत नाहीत. अर्धं विमान भरलेलं दिसतं, आणि कंपनी मात्र रोज थोडी थोडी बुडत असते.

हे गणित आपल्या भागाने प्रत्यक्षही पाहिलं आहे. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून मार्च २०२२ मध्ये इंदूर आणि हैदराबादसाठी विमानसेवा सुरू झाली आणि काही महिन्यांतच थांबली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीचं हैदराबादचं विमान सुरू झालं. मोठ्या कंपन्याही या गणितातून सुटत नाहीत. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये. विमानं, वैमानिक, प्रवासी सगळं होतं, हातात रोकड नव्हती.

मला हा खेळ आवडण्याचं आणखी एक कारण आहे, त्यातली देखभाल. विमान चांगलं उडत असतानाही त्याला देखभालीसाठी वेळ द्यावाच लागतो. बिघडलं म्हणून नाही, बिघडू नये म्हणून. माझे निम्मे पेशंट बीपीची गोळी "आता बरं वाटते" म्हणून बंद करतात. त्यांना मी आता विमानाचंच उदाहरण देतो.

नागपूर आणि मध्यरात्रीची विमानं

मुख्यालय नागपूरच का, असं कुणी विचारलं तर मी एक खरी गोष्ट सांगतो. १९४९ मध्ये आपल्या देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र यायची. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परतायचं. मधल्या एका गावी सगळं गोळा करायचं आणि तिथून वाटायचं, ही पद्धत आज जगभरातल्या कुरिअर कंपन्या वापरतात. आपल्या नागपुराने ती तेव्हाच पाहिली होती.

त्या विमानतळावर रात्रभर जागणारे वैमानिक होते, कामगार होते, टपाल खात्याचे लोक होते. त्यांच्या जागण्यातून मुंबईचं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला मिळायचं. रात्रपाळीची किंमत शरीर तेव्हाही मोजायचं आणि आजही मोजतं. पण त्या जागरणाला निदान काही कारण होतं. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढची गोष्ट जागरणाचीच आहे.

एका मुलाची विमान कंपनी

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

एक आई आपल्या १९ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. जवळच्याच एका गावचं धानाचं शेत असलेलं घर, मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तक्रारी अशा: रोज डोकं दुखते, दिवसभर झोप येते, चिडचिड होते, दोन विषय राहिले.

"सर, हा रात्रभर मोबाइल पाहत रायते," आई म्हणाली. "याचे बाबा म्हणतात मोबाइल फोडून टाकतो. पोट्टा हातचा गेला का सर?"

मुलगा मान खाली घालून बसला होता. मी विचारलं, "कोणता गेम खेळतोस बेटा?"

"विमानाचा आहे सर. तुम्हाला नाही समजणार."

"ताफा किती आहे?"

त्याने मान वर केली. पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं इंधन, मार्ग आणि आसनं याबद्दल बोललो. आई आळीपाळीने आमच्या दोघांकडे पाहत होती. पण या पाच मिनिटांत मला जे समजलं, ते एरवी तीन भेटींत समजलं नसतं.

त्याचा खेळ माझ्यापेक्षा वेगळा होता. माझ्या खेळात आठवड्याचं वेळापत्रक एकदा लावलं की विमानं आपली आपण उडत राहतात. मी दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही तरी फारसं बिघडत नाही. त्याच्या मोबाइलवरच्या खेळात विमान उतरलं की ते तिथेच उभं राहतं. पुन्हा बटण दाबल्याशिवाय उडत नाही. इंधनाचा भाव दर अर्ध्या तासाने बदलतो, कधी फार स्वस्त होतो आणि ती संधी गेली तर गेली. त्यामुळे हा मुलगा रात्री १२, २ आणि ४ वाजताचा गजर लावून झोपत होता. उठायचा, विमानं सोडायचा, भाव पाहायचा, पुन्हा पडायचा. एकूण तासांचा हिशेब केला तर तो दिवसातून दोन-अडीच तासच खेळत होता, पण ते तास त्याने झोपेच्या मधोमध पेरले होते.

झोपेचे तुकडे झाले की काय होतं?

झोप ही एकसंध नसते. साधारण दीड तासाचं एक आवर्तन, अशी चार-पाच आवर्तनं रात्रभरात होतात. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात येते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते. दोन्हीची गरज वेगवेगळी. दिवसभरात शिकलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेतच करतो. मध्येच उठून उजेडाचा पडदा पाहिला, त्यावर नफा-तोट्याचा विचार केला, की पुन्हा झोप लागायला वेळ लागतो आणि आवर्तन नव्याने सुरू करावं लागतं.

या वयाला ७ ते ९ तास झोप लागते. ती तुकड्यांत मिळाली तर डोकेदुखी, चिडचिड, लक्ष न लागणं, विसरणं आणि जास्त भूक हे सगळं होऊ शकतं. पुढे वर्षानुवर्षं असंच चाललं तर वजन, बीपी आणि साखरेवरही परिणाम होतो.

तरीही सगळा दोष गेमवर टाकून मोकळं होता येत नाही. मी त्याचा बीपी पाहिला, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं, डोळे तपासायला पाठवलं. मन उदास असतं का, जगणं नकोसं वाटतं का, हेही आईला बाहेर बसवून विचारलं. कारण अनेकदा मुलगा गेममुळे एकटा पडत नाही, तर एकटा पडल्यामुळे गेममध्ये जातो. याच्या बाबतीत चष्म्याचा थोडा नंबर निघाला, बाकी सगळं ठीक होतं.

छंद की आजार?

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार घेतला आहे. ही यादी मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी पाहतात:

१. खेळण्यावर ताबा राहत नाही. कधी सुरू करायचं, किती वेळ खेळायचं, कधी थांबायचं, हे आपल्या हातात उरत नाही.

२. खेळाला इतर सगळ्या गोष्टींच्या वरचं स्थान मिळतं. जेवण, अभ्यास, मित्र, घर सगळं मागे पडतं.

३. नुकसान होतं आहे हे दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं.

यामुळे घर, शिक्षण किंवा कामात ठळक बिघाड व्हायला हवा आणि हे साधारण १२ महिने दिसायला हवं. लक्षणं फार तीव्र असतील तर त्याआधीही निदान करता येतं. म्हणजे सुट्टीत आठ दिवस कुणी गेममध्ये बुडाला तर तो आजारी ठरत नाही. आणि रोज एकच तास खेळणारा पण त्या तासासाठी परीक्षा सोडणारा मुलगा मात्र काळजीचा.

तासांपेक्षा मी एक प्रश्न जास्त महत्त्वाचा मानतो: तुम्ही खेळाकडे जाता, की खेळ तुम्हाला बोलावतो? अनेक खेळांची रचनाच अशी असते की बक्षीस कधी मिळेल ते सांगता येत नाही. कदाचित आत्ता भाव उतरला असेल, असं सतत वाटत राहतं. अनिश्चित बक्षिसाची ही ओढ मेंदूला फार घट्ट धरते. लॉटरी आणि सट्ट्यातही तीच असते.

या मुलाचं निदान मी 'व्यसन' असं लिहिलं नाही. तो मित्रांबरोबर क्रिकेट खेळत होता, शेतात बापाला मदत करत होता, खेळावर पैसे घालवत नव्हता. पण तो त्या वाटेवर उभा होता हे नक्की.

मग काय केलं?

झोपेची गोळी दिली नाही. मोबाइल फोडू नका, असं वडिलांना निरोप पाठवून सांगितलं. मोबाइल फोडला की मुलगा मित्राच्या मोबाइलवर खेळतो आणि घराशी बोलणं मात्र बंद करतो.

मुलाशी सौदा केला, आणि तो त्याच्याच भाषेत. रात्री दहाच्या आधी सगळी विमानं सर्वांत लांबच्या मार्गांवर सोडायची, म्हणजे सकाळपर्यंत उतरणारच नाहीत. इंधन दिवसा स्वस्त दिसेल तेव्हा साठवायचं. गेमच्या सूचना बंद. मोबाइल रात्री आईच्या खोलीत आणि उठायला टेबलावरचं साधं गजराचं घड्याळ. सकाळी उठायची वेळ रोज एकच, रविवारीही. थोडा नफा कमी होईल, हे मी त्याला आधीच सांगितलं.

"किती कमी होईल सर?" त्याने लगेच विचारलं.

"तुझे दोन विषय राहिले, तो तोटा धरलास का हिशेबात?" मी म्हणालो. तो काही बोलला नाही.

तीन आठवड्यांत डोकेदुखी बरीच कमी झाली. चष्म्याचा वाटा किती आणि झोपेचा किती, हे मी सांगू शकत नाही. मध्ये एकदा घडी विस्कटली, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात गजर पुन्हा सुरू झाले. आईने रागावण्याऐवजी त्याला घेऊन माझ्याकडे यायचं ठरवलं, हे फार चांगलं झालं. राहिलेल्या दोन विषयांपैकी एक सुटला आहे, एक बाकी आहे. गेम त्याने सोडलेला नाही आणि मी सोडायला सांगितलेलाही नाही.

पालकांसाठी थोडक्यात

• मुलगा काय खेळतो ते एकदा शेजारी बसून पाहा. रागावण्याआधी समजून घ्या.

• किती तास खेळतो याबरोबरच कोणत्या वेळी खेळतो ते पाहा. रात्रीचा अर्धा तास दिवसाच्या दोन तासांपेक्षा महाग पडू शकतो.

• झोपेच्या खोलीत मोबाइल नको, हा नियम घरात सगळ्यांना सारखा लावा. बाबांनाही.

• पडदा पाहताना डोळ्यांची उघडझाप कमी होते. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब पाहायला सांगा.

• चोरून पैसे खर्च करणं, शाळा-कॉलेज बुडवणं, गेम बंद केल्यावर मारहाण किंवा जीव देण्याची भाषा, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. डॉक्टरांकडे या. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

माझ्या कंपनीचं विचाराल तर या महिन्यात ती तोट्यात आहे. डेंग्यूचे पेशंट वाढले आहेत, तिकिटांचे भाव बदलायला वेळ मिळाला नाही. विमानं उडत आहेत. सवड मिळाली की पाहीन.